नावेचं तोंड कापून उघडं करताय? आधी पाण्याचा हिशेब करा

माजलगाव (प्रतिनिधी) : माजलगाव धरणाच्या फुगवट्याला लागून असलेल्या एका गावात मागच्या पंधरवड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एक जुनी फायबरची नाव आली. कधीकाळी कुठल्यातरी तलावावर पर्यटकांना फिरवायची ही बोट. पुढचा साडेचार-पाच फुटाचा भाग वरून पूर्ण बंद, म्हणजे त्यावर डेक. मागं बसायला दोन बाक. मालक आमच्या ओळखीचे, भोई समाजातले, धरणावर जाळं टाकतात. कितीला घेतली विचारलं तर नुसते हसले. तिसऱ्या दिवशी फोन आला, "भाऊ, या बघायला. पुढचं झाकण कापायचंय."

गेलो, तर ग्राइंडर जोडून तयार होता. मी म्हणालो, मामा, जरा थांबा. ते थांबले, म्हणून ही बातमी लिहायला मिळाली.

हा विषय एकट्या मामांचा नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरानं आपल्या जिल्ह्याला जे दाखवलं ते कुणी विसरलेलं नाही. सिंदफणा, मांजरा, गोदावरी सगळ्या पात्राबाहेर गेल्या. आष्टी तालुक्यात तर लोकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. तेव्हापासून नदीकाठच्या अन धरणाकाठच्या गावांत 'आपल्या गावाला एखादी नाव पाहिजे' ही चर्चा पारावर सुरू आहे. नवी नाव परवडत नाही. मग जुनी शोधायची, अन आपल्या कामाला येईल अशी कापून-जोडून घ्यायची. ट्रॅक्टर, ट्रॉली, पेरणीयंत्र आपण असंच करून घेतो. पण ट्रॉली चुकली तर उलटून रस्त्याच्या कडेला पडते. नाव चुकली तर तळाशी जाते, हा फरक आहे.

झाकण का नको वाटतं?

मामांची कारणं मला पटली, हे आधीच सांगतो. आपल्याकडं धरणाला धक्का नाही, जेट्टी नाही. काठ म्हणजे गुडघाभर गाळ. नाव काठाला लागते ती तोंडानं. माणसं चढतात-उतरतात ती पण तोंडावरूनच. आता ते तोंड वरून बंद, गुळगुळीत अन उतरतं असेल तर ओल्या पायानं त्यावरून चालणं म्हणजे शेवाळ्यावरून चालणं. मामांच्या घरातली एक म्हातारी मागच्या साली दुसऱ्याच्या अशाच नावेवरून घसरली, मनगट मोडलं. शिवाय गाळपेरीच्या जमिनीतून कडब्याच्या पेंढ्या आणायच्या, खताची गोणी न्यायची, जाळ्याचा ढीग ठेवायचा, तर पाच फूट जागा नुसती झाकून ठेवलेली. "नावेचा तिसरा हिस्सा फुकट चाललाय," मामा म्हणाले. खोटं नाही.

दुसरं एक कारण त्यांनी सांगितलं नाही, पण ते खरं आहे. बंद जागेत माणूस अडकतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूरला ७ मे २०२३ रोजी संध्याकाळी पर्यटकांची बोट उलटली, २२ माणसं गेली. ती मुळात मासेमारीची बोट होती, तिचं रूप बदलून माणसं नेणारी केलेली. वर मजला चढवलेला, क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली, अन उलटल्यावर खालच्या मजल्यावरची माणसं आत अडकली. तेव्हा उघडी नाव वाईटच असते असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. पण तानूरची बोट दुसरी गोष्टही सांगते. एका कामासाठी बनवलेली बोट दुसऱ्या कामासाठी बदलली, की तिचा जुना तोल तिच्याकडं राहत नाही. नवा तोल कुणीतरी मोजावा लागतो.

झाकण नुसतं झाकण नसतं

पुढचा डेक तीन कामं करतो. एक, तो नावेच्या दोन बाजू एकमेकींना धरून ठेवतो. तेलाचा पत्र्याचा डबा आठवा. झाकणासकट डब्यावर माणूस उभा राहिला तरी तो दबत नाही. वरचा पत्रा कापून काढा, मग हाताच्या दाबानं बाजू आत येतात. नावेचं तसंच. लाट आदळली, काठाचा दगड लागला की कापलेल्या नावेच्या बाजू आत-बाहेर हलायला लागतात. एका दिवसात काही होत नाही. दोन हंगामात तळाच्या कडेला बारीक चिरा पडतात, अन चीर दिसत नाही कारण तिथं गाळ बसलेला असतो.

दोन, समोरून आलेली लाट डेकवरून घसरून परत पाण्यात जाते. डेक नसेल तर ती नावेत येते.

तीन, डेकच्या खाली बहुतेक वेळा हवेची बंद पेटी किंवा फोम असतो. नाव पाण्यानं भरली तरी बुडू नये म्हणून तो घातलेला असतो. मामांच्या नावेचा थोडा कोपरा उचकटला तर आत पिवळा फोम निघाला. दाबला तर स्पंजासारखं पाणी. त्याच्या वरचं प्लायवूड काळं पडून कुजलेलं. कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षे पाणी मुरत गेलं होतं. म्हणजे ज्या फोमनं नावेला तरंगवायचं, तोच तिला जड करत होता. तेव्हा उघडून बघितलं हे बरंच झालं. पण 'ओला फोम काढला, नाव हलकी झाली, आता बेस्ट' असं जे वाटतं, तिथंच घात आहे. काढलेल्या फोमच्या जागी दुसरं काही घातलं नाही तर नाव हलकी झाली खरी, पण भरली की बुडणारी झाली.

आपल्याकडच्या नावांचा एक वेगळा आजार आहे. त्या पाण्यापेक्षा उन्हात जास्त राहतात. २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा धनेगावकडं नावा नुसत्या गाळावर पडून होत्या. उन्हात फायबरचा वरचा चकाकता थर खडूसारखा होतो, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. अशी नाव कापायच्या आधी तळाला हातोडीच्या दांड्यानं ठोकत जावं. चांगल्या जागी कणखर आवाज येतो, कुजलेल्या जागी भदभद येतो. तळ भदभद वाजत असेल तर तोंड उघडायचा विचार सोडा, त्या पैशात दोन शेळ्या घ्या.

सहा क्विंटल पाणी, अन तेही पळतं

आता मुख्य हिशेब. समजा नावेचा आतला तळ चार मीटर लांब, दीड मीटर रुंद. त्यात चार इंच, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर पाणी आलं. चार गुणिले दीड गुणिले ०.१, झालं ०.६ घनमीटर. म्हणजे ६०० लिटर. म्हणजे सहा क्विंटल. चार इंच पाणी बघून कुणी घाबरत नाही, घोटाही बुडत नाही नीट. पण सोयाबीनची सहा-सात पोती नावेत टाकल्यासारखं ते वजन आहे.

अन पोती जागच्या जागी राहतात, पाणी राहत नाही. पाण्याचा टँकर चालवणाऱ्याला विचारा. पूर्ण भरलेला टँकर वळणावर बरा, रिकामा पण बरा. अर्धा भरलेला टँकर वळणावर ओढतो, कारण पाणी एका अंगाला पळतं. नावेत तेच होतं. नाव थोडी कलली की सगळं पाणी खालच्या अंगाला जातं, ती आणखी कलते, आणखी पाणी वरून आत येतं. माणसं घाबरून एका बाजूला सरकली की खेळ संपला.

ही छोट्या नावेचीच गोष्ट आहे असं नाही. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून निघालेलं 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' हे मोठं जहाज बंदराच्या तोंडाशीच आडवं झालं. १९३ माणसं गेली. गाड्या चढवायचं पुढचं दार उघडंच राहिलं होतं. गाड्यांच्या मजल्यावर पाणी आलं, एका अंगाला पळालं, अन काही क्षणांत एवढं जहाज कुशीवर पडलं. तोंड उघडं अन आत सपाट मोकळी जागा, एवढंच कारण पुरलं.

आपल्या जवळचं उदाहरण उजनीचं. २१ मे २०२४, संध्याकाळची वेळ. करमाळ्याच्या कुगाव अन इंदापूरच्या कळाशीच्या मधल्या पाण्यात बोट होती. वादळी वारं सुटलं, लाटांचं पाणी आत आलं, बोट बुडाली. सहा जण गेले, त्यात लहान लेकरं होती. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला आले. तारीख नीट बघा. मे महिना, वळवाचे दिवस. आपल्याकडंही नेमकं याच दिवसांत दुपारपर्यंत पाणी आरशासारखं असतं अन चार वाजता आभाळ फाटतं. माजलगाव धरणाचा पसारा मोठा आहे. वारा लांबवरून मोकळ्या पाण्यावरून येतो तेव्हा लाटा नदीसारख्या राहत नाहीत. 'समुद्र थोडाच हाय' असं म्हणणाऱ्यांनी एकदा वळवाच्या वाऱ्यात काठावर उभं राहून बघावं.

आणखी एक गोष्ट कापणाऱ्याच्या लक्षात येत नाही. डेक काढला की तोंड हलकं होतं, वर उचलतं. मग मागची बाजू, जिथं इंजिन लटकलेलं असतं, ती खाली बसते. रिकामी नाव चालवताना मागून लाट आत यायची भीती. अन त्याच नावेत उघड्या तोंडाशी चार माणसं दाटून बसली की उलटं, तोंड खाली जातं. नवी मोकळी जागा झाली की माणूस तिथं बसणारच, ते थांबवता येत नाही. एसटीत दारात उभं राहू नका म्हणून लिहिलेलं असतं, कोण ऐकतं?

मग कापायचंच नाही का?

कापा, पण सगळं नाही. माझं मत विचाराल तर तोंडाचा पहिला दोन-अडीच फुटाचा भाग बंदच ठेवावा. आतला ओला फोम काढून, वाळवून, नवा फोम किंवा झाकण पक्कं केलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन घालून तो परत सील करावा. त्याच्या वरच्या पृष्ठभागावर रेझिन ओलं असतानाच वाळू पसरावी, म्हणजे पाय घसरणार नाही. म्हातारीचा प्रश्न इथंच सुटला. त्याच्या मागचा अडीच-तीन फुटाचा भाग उघडा करावा. तो कापताना सुद्धा दोन्ही कडेनं वीतभर रुंदीची पट्टी ठेवायची, काठोकाठ कापायचं नाही. कापलेले कोपरे गोल ठेवायचे, काटकोनात कापलं की चीर कोपऱ्यातूनच सुटते.

पुढची जागा अन मागची बसायची जागा यांच्यामध्ये आडवी भिंत असते. ती भिंत अजिबात काढू नका. निदान गुडघ्याइतकी तरी राहू द्या. तोंडातून आलेलं पाणी तिथंच अडलं तर बादलीनं काढता येतं. भिंत नसेल तर ते पूर्ण नावेत पसरतं, मग वरचा सहा क्विंटलचा हिशेब लागू होतो.

काही जण म्हणतात, पुढच्या तळाला भोक पाडू, पाणी आपोआप निघून जाईल. कंपनीच्या उघड्या तोंडाच्या बोटीत असं असतं, कारण तिचा आतला तळ बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच बनवलेला असतो अन तोंडाच्या बाजू पण उंच असतात. कापून उघड्या केलेल्या नावेचा पुढचा तळ पाण्याच्या पातळीच्या खाली असतो. तिथं भोक पाडलं तर पाणी बाहेर जाणार नाही, आत येईल. त्यापेक्षा उघड्या भागावर ताडपत्री बांधायची सोय करा, मधे एक उभी काठी देऊन तंबूसारखा उतार द्या. सामान नसताना अन वारं सुटल्यावर ती ओढून घ्यायची.

फोमच्या बदली कॅन किती लागतील? बंद कॅनमधली एक लिटर हवा पाण्यात साधारण एक किलो वजन उचलते. फायबर पाण्यापेक्षा दीडपट जड, त्यामुळं पाण्यात बुडाल्यावर त्याचं वजन तिसऱ्या हिश्शावर येतं. तीनशे किलोची नाव असेल तर पाण्यात शंभर किलो धरा. इंजिन चाळीस किलो. अन नावेला धरून तरंगणाऱ्या आठ माणसांची डोकी-खांदे वर राहायला शंभरेक किलो. झाले अडीचशे लिटरच्या आसपास, म्हणजे वीस लिटरचे बारा-तेरा कॅन. ते सगळे तळाला मधोमध कोंबायचे नाहीत, नाहीतर नाव भरल्यावर पालथी होईल. दोन्ही बाजूंना, बाकाखाली, जमेल तेवढे वर अन पट्ट्यानं घट्ट बांधलेले पाहिजेत. सुटलेला कॅन नावेला सोडून एकटाच तरंगत जातो.

पत्र्याच्या नावेचा हिशेब वेगळा. वेल्डिंगच्या दुकानात ट्रॉलीसारखी बनवून घेतलेली लोखंडी नाव पाण्यात बुडाल्यावर फक्त आठवा हिस्सा हलकी होते. तीनशे किलोची असेल तर पाण्यातही अडीचशेच्या वरच राहते. तिला नुसतं तरंगत ठेवायलाच तेरा कॅन, माणसांचे वेगळे.

कापताना एक जपा. फायबरची धूळ म्हणजे काचेचीच भुकटी. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, अंगभर कपडे. गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीजवळ कापू नका, ती धूळ जनावरांच्या पोटात जाते. रेझिनसोबत दोन छोट्या बाटल्या मिळतात, हार्डनर अन ॲक्सिलरेटर. ह्या दोन्ही थेट एकमेकांत कधीच मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. ॲक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

कागदावर काय आहे?

कायदा आहे. १९१७ चा जुना जाऊन आता अंतर्देशीय जहाज अधिनियम २०२१ लागू आहे. नदी, तलाव, धरणातल्या इंजिनाच्या बोटीची तपासणी, नोंदणी लागते. बोटीच्या बांधणीत बदल करायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते. बिगर इंजिनाच्या, वल्ह्याच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर ठेवायची तरतूदही त्यात आहे. पण माजलगाव, धारूर, केज, गेवराईच्या काठावर उभं राहून हे वाचलं की हसू येतं. मामांनी मला विचारलं, "परवानगी कुठं मागायची?" धरण पाटबंधाऱ्याचं, मासे मत्स्य विभागाच्या ठेक्याचे, बोटीचा कायदा मेरीटाईम बोर्डाचा, पूर आला की तहसीलदाराचा. नावेकडं बघायला मात्र एकही माणूस काठावर येत नाही.

येतात ते वाळूच्या बोटींसाठी. गोदापात्रात केन्या अन बोटी पकडल्या, जिलेटिननं उडवल्या, ही बातमी आम्ही अधूनमधून देतोच. ती कारवाई झालीच पाहिजे. पण त्यामुळं काठावरच्या साध्या माणसाच्या डोक्यात बसलंय की साहेब लोक बोटीजवळ आले म्हणजे बोट जाणार. मग तो नोंद कशाला करील? झाकून ठेवतो.

अन दुर्घटना झाली की काय होतं तेही आपण बघतो. चार दिवस वाहतूक बंद, जॅकेटची सक्ती, फोटो. पाचव्या दिवशी माणसं परत त्याच नावेत, कारण पूल नाही. शेजारच्या गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची लेकरं जायकवाडीच्या पाण्यातून थर्माकोलवर बसून शाळेला जायची, २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा ती राज्यभर बातमी झाली. आपल्याकडचे चप्पू कुणी मोजलेत का? थर्माकोलच्या चप्पूपेक्षा नीट केलेली जुनी नाव शंभर पटीनं बरी, हे मी लिहून देतो. म्हणून बंदीची मागणी मी करत नाही. मागणी एवढीच की मे महिन्याच्या आधी तालुक्यानं एक दिवस ठरवावा. पाटबंधारे, मत्स्य विभाग अन ग्रामपंचायतीचा एकेक माणूस काठावर यावा, प्रत्येक नाव बघावी, किती माणसं ते ठरवून बाहेरून पांढऱ्या रंगाची रेघ ओढावी. रेघ पाण्याखाली गेली की एक माणूस उतरवायचा. यात निविदा काढण्यासारखं काही नाही, एक रंगाचा डबा लागतो.

तोपर्यंत मामांनी आपल्या परीनं केलं ते सांगतो. अडीच फूट बंद ठेवलं, मागचं उघडलं, कॅन बांधले. सोमवारी सकाळी कंबरभर पाण्यात, इंजिन काढून, त्याच्या जागी वाळूची पोती ठेवून नाव मुद्दाम पाण्यानं काठोकाठ भरली. गावातली पोरं हसत होती, नवी नाव बुडवायला निघालेत म्हणून. नाव बुडाली नाही, पण मागचा भाग तळाला टेकला अन तोंड तेवढं वर राहिलं. म्हणजे कॅन पुढं जास्त झाले होते. मामा काठावर बसले, तंबाखू मळली, म्हणाले, "बरं झालं हितंच कळलं."

चार कॅन पुढून काढून मागच्या बाकाखाली नेले. उरलेले दोन आणायला पोरगा माजलगावला गेलाय. नावेला अजून नंबर नाही, तो कुठून मिळतो ते मी या आठवड्यात तहसीलला जाऊन विचारणार आहे, कळलं की इथंच लिहीन.